डोळ्यांचं प्रेशर: हवेच्या मशीनवर 26, निळ्या लाइटवर 21. कोणता आकडा धरायचा?

रानजाई (शनिवार, रात्री 9.40)

नमस्कार मंडळी. बाबांच्या (वय 68) चष्म्याचा नंबर बदलला असावा म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. तिथे हनुवटी टेकवून डोळ्यात हवेची फुंकर मारतात ती तपासणी केली. उजवा 26, डावा 25. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, प्रेशर जास्त येतंय, काचबिंदूसाठी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." बाबा त्या रात्री झोपले नाहीत. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, काचबिंदूनं आंधळी झाली होती. शेवटची सहा-सात वर्षं भिंतीवर हात फिरवत न्हाणीपर्यंत जायची. भिंतीला त्या उंचीवर तेलकट पट्टा उमटला होता, तो मलाही आठवतो.

तीन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब घालून डोळा बधिर केला, पिवळा रंग लावला आणि निळ्या लाइटचं एक टोक बुबुळाला टेकवून बघितलं. तिथे 21 आणि 20! म्हणाले, कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी मोजू, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) करू, मग ठरवू. औषध काही दिलं नाही.

आता भाऊ म्हणतो, 21 म्हणजे नॉर्मल, विषय संपला. माझ्या डोक्यातून 26 जात नाही. एकाच माणसाच्या एकाच डोळ्याचे दोन आकडे कसे? आणि खरा कोणता?

नीरक्षीर (रात्री 9.58)

दोन्ही तपासण्यांची वेळ काय होती?

रानजाई (रात्री 10.05)

दुकानात सकाळी साडेदहा. डॉक्टरांकडे संध्याकाळी सात वाजून गेले होते.

घाटमाथा (रात्री 10.20)

हवेचं मशीन विसरा. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी त्यावरच 28 सांगितलं होतं. महिनाभर घर सुतकात. नंतर निळ्या लाइटवर 16 निघालं. दुकानांतून ही मशीनं काढूनच टाकली पाहिजेत.

भिंगवाला (रात्री 11.15)

रानजाई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचे नंबर काढणारा. चौदा वर्षं रोज हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दोन्ही मशीनं आतलं प्रेशर थेट मोजत नाहीत. ते मोजायचं तर डोळ्यात सुई घालावी लागेल. बाहेरून कॉर्निया थोडासा सपाट करायला किती जोर लागतो, तेवढं ही मशीनं मोजतात. फुगा बोटानं दाबून किती भरलाय ते आपण बघतो, तसंच. पण फुग्याचं रबरच जाड असेल तर हवा कमी असूनही तो घट्ट लागतो. सगळी मेख इथे आहे.

निळ्या लाइटची पद्धत स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात हान्स गोल्डमन यांनी 1950च्या दशकात बसवली. आजही बाकीची सगळी मशीनं तिच्याशीच ताडून बघतात. स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपमधून, बघताना मला काय दिसतं ते सांगतो. निळ्या अंधारात दोन हिरवी चमकणारी अर्धवर्तुळं, एक वर, एक खाली. मी आकडे लिहिलेला ड्रम हळूहळू फिरवतो तशी ती सरकत जवळ येतात. दोघांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम शिवल्या की थांबायचं. ड्रम त्या क्षणी 2 आणि पुढची बारीक रेघ यांच्या मधोमध असेल तर 21. ती अर्धवर्तुळं नाडीबरोबर हलकी हलतात. पेशंटचं हृदय धडधडत असतं ते मला त्याच्या डोळ्यात दिसतं. त्या हलण्याच्या मधोमध आकडा घ्यायचा असतो.

सपाट होणारा तो गोल 3.06 मिलिमीटर व्यासाचा ठेवलाय. कॉर्नियाचा ताठपणा टोकाला मागे ढकलतो आणि अश्रूंचा थर त्याला चिकटवून आत ओढतो. या मापाला दोन्ही जोर जवळपास एकमेकांना खोडतात, आणि एक ग्रॅम म्हणजे 10 मिलिमीटर पारा असा सोपा हिशेबही जमतो. पण हे जुळतं ते कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड असेल तर. काकांची जाडी आधी बघू द्या.

हवेचं मशीन 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आलं. त्याची फुंकर काही मिलिसेकंदांची. नाडीच्या ठोक्याच्या वरच्या टोकाला सापडली तर आकडा वर, खालच्या टोकाला सापडली तर खाली. म्हणून एका डोळ्याची निदान तीन रीडिंग घेऊन सरासरी काढतात. दुकानात किती घेतली होती?

रानजाई (रात्री 11.22)

एकेकच घेतलं. आणि पहिल्या फुंकरीला बाबा असे दचकले की त्यांनी डोळे गच्च मिटले. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तर आधीपासूनच खांदे वर करून बसले होते.

भिंगवाला (रात्री 11.30)

मग त्या 26मध्ये दचकण्याचाही वाटा असणार. डोळे आवळले, श्वास रोखला, शर्टाची कॉलर गळ्याशी घट्ट असली, तरी प्रेशर वर जातं. मी पेशंटला आधी एक फुंकर हातावर मारून दाखवतो. निम्मी भीती तिथेच जाते.

घाटमाथा, मशीन काढून टाकण्याशी मात्र मी सहमत नाही. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. बाजूची नजर आधी जाते आणि समोरचं दिसत राहतं, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातच नाही. तो चष्म्याच्या दुकानात मात्र जातो. तिथे थेंब न घालता, डोळ्याला हात न लावता, मिनिटात होणारी तपासणी हीच आहे. तिनं चार लोकांना विनाकारण घाबरवलं आणि पाचव्याला वेळेत पकडलं, तर माझ्या लेखी ती चांगली. आईंचं 16 निघालं याचा मला आनंदच आहे.

घाटमाथा (रविवार, सकाळी 7.50)

पाचव्याचा मुद्दा पटला. पण मग त्या मुलांना "पुन्हा मोजून घ्या" एवढंच सांगायला शिकवा. आजाराचं नाव घेऊ नका. आमच्या आईनं त्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे कुठे कुठे आहेत ते डोळे मिटून पाठ करून ठेवले होते.

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी 9.30)

मी सिस्टर होते, आता निवृत्त. सांगली-मिरजेच्या आसपासच्या गावांत नेत्रशिबिरं व्हायची तेव्हा आमच्याकडे ना हवेचं मशीन होतं ना निळा लाइट. होतं ते शिऑट्झचं. नॉर्वेच्या शिऑट्झ यांनी 1905 साली काढलेलं. छोटी मखमली पेटी, आत धातूचं यंत्र, चार वजनं आणि छापील तक्ता.

शाळेच्या बाकावर पेशंटला उताणं झोपवायचं. थेंब घालायचा. "आजोबा, अंगठा वर धरा आणि त्याच्याकडंच बघा" असं सांगायचं, नजर स्थिर राहावी म्हणून. डॉक्टर यंत्र बुबुळावर उभं ठेवायचे. मधला दांडा बुबुळाला किती खड्डा पाडतो त्यावर काटा हलायचा. डोळा जितका मऊ तितका काटा जास्त पुढं. 5.5 ग्रॅमच्या वजनावर काटा 5वर आला तर 17.3, 3वर आला तर 24.4. तक्ता मला अजून पाठ आहे. प्रत्येक पेशंटनंतर यंत्राचा पाय स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, आणि पेटीतल्या लोखंडी ठोकळ्यावर टेकवून काटा शून्यावर येतो ना ते बघायचं. हे बघायचं विसरलं की आमचे डॉक्टर पुढचा पेशंट घेत नसत.

त्या यंत्राचीही खोड होती. मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या डोळ्याचं आवरण सैल, त्यामुळं खड्डा जास्त पडायचा आणि प्रेशर खरं असेल त्याहून कमी दिसायचं. अशा पेशंटला डॉक्टर दोन वेगवेगळ्या वजनांनी मोजायचे. रानजाई, प्रत्येक यंत्राची खोड माहीत असली की त्याच्याशी नीट वागता येतं बघ.

दहिवर (रविवार, सकाळी 10.10)

सिस्टर, अंगठ्याचं वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा असेच शाळेत बाकावर झोपून अंगठ्याकडे बघत होते, मी दारात उभा होतो.

सोनचाफा (रविवार, दुपारी 1.05)

मी रशियात एमबीबीएस केलं. तिथे याहूनही जुनी पद्धत अजून चालू आहे, मक्लाकोव्हची, 1885 सालची. 10 ग्रॅमचं एक छोटं धातूचं डंबेलसारखं वजन असतं. त्याच्या चपट्या टोकाला तपकिरी शाई लावतात, पेशंटला झोपवून वजन क्षणभर बुबुळावर टेकवतात. जिथे बुबुळ टेकतं तिथली शाई निघून जाते. मग ते टोक स्पिरिटनं ओलसर केलेल्या कागदावर उमटवायचं. कागदावर तपकिरी चकती, मध्ये पांढरा गोल. गोल लहान असेल तर प्रेशर जास्त, मोठा असेल तर कमी. पारदर्शक पट्टी ठेवून मोजतात.

महत्त्वाचं हे, की त्या पद्धतीचे आकडे गोल्डमनपेक्षा वरच येतात. वजन ठेवल्यानं डोळा दाबला जातो आणि मोजताना प्रेशर वाढतं. म्हणून तिथे नॉर्मलची रेषाच वर आहे. इथे परत आल्यावर पहिले काही दिवस मला प्रत्येक पेशंटचं प्रेशर कमी वाटायचं. आकड्याशेजारी पद्धतीचं नाव लिहायची सवय तेव्हापासून लागली.

अनवट (रविवार, रात्री 8.45)

इथे सगळे जास्त आलेल्या आकड्याबद्दल बोलताहेत. माझं उलट झालं, म्हणून लिहिते.

माझा नंबर मायनस 8 होता. सव्विसाव्या वर्षी लेसिक (चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन) केलं. त्यानंतर दरवर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये हवेच्या मशीनवर 12, 13 यायचं. छान, नॉर्मल, पुढचा. एकेचाळिसाव्या वर्षी जिना उतरताना डाव्या बाजूची पायरी दोनदा चुकले. डॉक्टर बदलले. या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लेसिक झालंय का?" आधीच्या इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. कॉर्नियाची जाडी मोजली, 430 मायक्रॉन (अर्धा मिलिमीटर म्हणजे 500). लेसिकमध्ये कॉर्निया तासून पातळ केलेला, त्यामुळे जोर कमी लागायचा आणि आकडा कमी दिसायचा. ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, काचबिंदूत हीच खराब होते) डाव्या डोळ्यात बरीच खाल्ली गेली होती. फील्डच्या कागदावर एका बाजूला काळा कोयता काढल्यासारखा डाग.

त्यांनी लेसिकच्या आधीचे कागद मागितले. आईनं पिठाच्या डब्यांमागच्या पिशवीतून शोधून काढले. तेव्हाचं प्रेशर 19 होतं. आता रोज रात्री एक थेंब घालते, डाग तीन वर्षं तेवढाच आहे. गेलेलं परत येत नाही.

लेसिक केलेल्या प्रत्येकाला विनंती, दर तपासणीला स्वतःहून सांगा. कुणी विचारायची वाट बघू नका.

रानजाई (रविवार, रात्री 9.00)

अनवट, वाचून गलबलून आलं. काळजी घ्या. बाबांच्या जाडीची तपासणी मंगळवारी आहे.

बोलक्या_शेपट्या (रविवार, रात्री 9.40)

थोडं अवांतर. मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे. कुत्र्यांनाही काचबिंदू होतो, कॉकर स्पॅनियलमध्ये तर बराच. त्यांना "हनुवटी टेकव" म्हणता येत नाही. आमच्याकडे रिबाउंड प्रकारचं मशीन असतं. हातात मावणारं, त्यातून टाचणीएवढी सळई पुढे येऊन बुबुळाला शिवून मागे उसळते. उसळण्याच्या वेगावरून प्रेशर कळतं. टणक डोळ्यावरून ती पटकन परतते, मऊ डोळ्यावरून सावकाश. थेंबही लागत नाही. सहा टोले, एक आकडा.

मदतनीसाला मी नेहमी सांगते, मान धरू नकोस, छाती धर. पट्टा ओढला की मानेच्या शिरा दबतात आणि आकडा वर जातो. कॉलरचा मुद्दा वाचून हेच आठवलं.

आकाशकंदील (रविवार, रात्री 10.15)

हेच मशीन माझ्या मुलासाठी वापरतात, तो सहा वर्षांचा आहे. हवेच्या फुंकरीला रडून गोंधळ घालायचा. याला तो "टिकटिक" म्हणतो आणि स्वतः डोळा मोठा करून बसतो. मूळ फिनलंडचं आहे. घरी स्वतः मोजायचं मॉडेलही मिळतं, महाग आहे.

त्याचं प्रेशर कशानं वाढलं तेही सांगते. ॲलर्जीनं डोळे खाजायचे. मेडिकलवाल्यानं दिलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडला, म्हणून आम्ही चार महिने तेच आणत राहिलो. त्यात स्टिरॉइड होतं. 34 झालं होतं. थेंब बंद केल्यावर उतरलं, नशीब आमचं. चिठ्ठीशिवाय डोळ्यात काहीही घालू नका हो.

पहाटवारा (सोमवार, सकाळी 6.15)

योगासनांनी प्रेशर कमी होतं असं ऐकलंय. मी वीस वर्षं रोज पाच मिनिटं शीर्षासन करतो, वय 59. काकांनी करून बघावं.

सोनचाफा (सोमवार, सकाळी 7.40)

काका, कृपया हा सल्ला नको. शीर्षासनात डोळ्यांचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं, हे आपल्याकडेच शीर्षासन करणाऱ्या लोकांवर मोजून बघितलंय. खाली आल्यावर ते उतरतं, पण नर्व्ह आधीच कमजोर असेल तर ती पाच मिनिटंही जड जातात. चालणं, प्राणायाम, डोकं खाली न जाणारी आसनं खुशाल करा. आणि तुम्ही स्वतः नर्व्ह दाखवली आहे का?

पहाटवारा (सोमवार, सकाळी 8.05)

नाही दाखवली. या आठवड्यात दाखवतो. तोवर शीर्षासन बंद.

नीरक्षीर (सोमवार, सकाळी 11.20)

मी वेळ विचारली त्याचं कारण लिहायचं राहिलं. प्रेशर दिवसभर सारखं नसतं. बऱ्याच लोकांचं पहाटे-सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं, आडवं झोपल्यावरही वाढतं. माझ्या वडिलांचं दवाखान्यात नेहमी 17 यायचं आणि नर्व्ह तरी खराब होत चालली होती. शेवटी डॉक्टरांनी एक अख्खा दिवस बसवून ठेवलं आणि दर तीन तासांनी मोजलं. सकाळी सातला 25, दुपारी 19, संध्याकाळी सहाला 17. आमची अपॉइंटमेंट वर्षानुवर्षं संध्याकाळी सहाची होती! दोष कुणाचाच नव्हता, पण त्या काळात जे गेलं ते गेलं.

त्यामुळे रानजाईच्या बाबांचा सकाळचा 26 आणि संध्याकाळचा 21 यांत मशीनचा फरक किती आणि वेळेचा किती, हे आत्ता कोणीच सांगू शकणार नाही. सकाळी, निळ्या लाइटवर, एकदा मोजून घ्या.

भिंगवाला (सोमवार, दुपारी 2.30)

+1. मी लिहायला हवं होतं ते नीरक्षीर यांनी लिहिलं.

रानजाई (बुधवार, रात्री 9.10)

काल सगळं झालं. नीरक्षीर यांचं ऐकून सकाळी साडेआठची वेळ मागून घेतली.

निळ्या लाइटवर उजवा 23, डावा 22. कॉर्नियाची जाडी 608 आणि 612 मायक्रॉन. डॉक्टर म्हणाले, सरासरी 540च्या आसपास असते, म्हणजे बाबांचा कॉर्निया चांगलाच जाड. मी विचारलं, मग तक्ता लावून नेमके किती वजा करायचे? म्हणाले, असं वजा करण्यावर माझा विश्वास नाही, सूत्रं बरीच आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. खरं प्रेशर दिसतंय त्याहून कमी असणार, एवढं धरून चालू. फील्ड टेस्ट स्वच्छ. नर्व्हचा स्कॅनही चांगला. त्यांनी मला स्क्रीनवर नर्व्ह दाखवली, केशरी गोल, मध्ये फिकट खळगी. खळगीभोवतीचं कडं सगळीकडे सारखं जाड आहे, हे महत्त्वाचं म्हणाले. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोनही उघडा आहे.

औषध नाही. सहा महिन्यांनी पुन्हा, सकाळीच.

सोनचाफा (बुधवार, रात्री 9.35)

फार छान बातमी. 26चा आकडा अजून छळत असेल तर हे वाच. अमेरिकेत ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी नावाचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष 2002 साली आले. प्रेशर वाढलेलं पण नर्व्ह आणि फील्ड चांगलं, अशी 1636 माणसं. औषध न दिलेल्या गटात पाच वर्षांत 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेतलेल्यांत 4.4 टक्के. म्हणजे औषध उपयोगी आहेच, पण न घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना त्या पाच वर्षांत काही झालं नाही. आणि कॉर्निया पातळ असणाऱ्यांना धोका जास्त, जाड असणाऱ्यांना कमी, हेही त्यातूनच ठळकपणे पुढे आलं. बाबा चांगल्या बाजूला आहेत. फक्त आजीचा इतिहास आहे, म्हणून तपासणी चुकवायची नाही.

रानजाई (बुधवार, रात्री 9.50)

हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "दहांतले नऊ" त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

त्यांनी आज दूधवाल्याच्या हिशेबाची जुनी वही काढली. पट्टीनं रकाने आखलेत. तारीख, वेळ, मशीन, उजवा, डावा. पहिल्या ओळीत दुकानातलं 26 आणि 25 पण लिहिलंय, पुढे "हवा, एकदाच, दचकलो" असं. मी म्हटलं ते कशाला, तर म्हणाले, झालंय ते लिहायचं.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री 10.05)

बाबांना माझा नमस्कार सांग. असा पेशंट असला की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. आणि बाळ, आजी, मग बाबा... भावाचं वय काय गं?

रानजाई (बुधवार, रात्री 10.12)

44. मी 41.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री 10.14)

दोघंही जा.

रानजाई (बुधवार, रात्री 10.40)

भावाला फोन केला. आधी "मला काय झालंय" म्हणाला. अनवटचा प्रतिसाद वाचायला पाठवला, तर दहा मिनिटांत त्याचाच फोन आला. शनिवारी सकाळी साडेआठ, दोघांची नावं एकापाठोपाठ लावलीत. बाबा वहीत आमच्या दोघांसाठी पानं आखताहेत.